माळ्याखालचे आबा

कोथरूडच्या त्या फ्लॅटमध्ये शिरलात की पॅसेजच्या टोकाला, माळ्याच्या बरोबर खाली, एक काळं, बुटकं, रुंद खांद्यांचं खोकं दिसेल. त्याच्यावर काही ठेवू नका. छत्री नको, वर्तमानपत्र नको, हेल्मेट तर नकोच. आबांना डोक्यावर ओझं चालत नाही आणि पुढ्यात अडगळ चालत नाही. समोरून हवा आत, मागून बाहेर, हा त्यांचा श्वास आहे. जरा कान द्या. सलग घरघर ऐकू येईल आणि मधूनमधून बारीक करकर. ती चालू आहे तोवर प्रकृती उत्तम आहे असं समजायचं.

आबा म्हणजे माझ्या मावसभावाच्या घरचा फाइल सर्व्हर. नाव त्यानंच, म्हणजे दादानं, ठेवलं. घरातल्या कुठल्याही टीव्हीवर नेटवर्क उघडलं की राउटर, प्रिंटर आणि आबा अशी नावं ओळीनं येतात. काकांनी हयातभर जमवलेल्या आठशे कॅसेट, लग्नामुंजींची चित्रणं, मराठी चित्रपटांच्या डीव्हीडी, तीन पिढ्यांचे फोटो, शाळेतल्या नाटकांपासून गणपतीच्या आरतीपर्यंत सगळं त्यांच्या पोटात आहे. काका गेले तेव्हा कॅसेटचं काय करायचं हा प्रश्न घरात उभा राहिला आणि त्याचं उत्तर म्हणून आबा आले.

मिरवण्याची हौस त्यांना मुळीच नाही. पुतण्याच्या खोलीतला गेम खेळायचा संगणक काचेतून सप्तरंगी दिवे दाखवत बसतो. आबांच्या अंगावर एक हिरवा दिवा आहे आणि सहा डिस्कांचे सहा बारके निळे. प्रत्येक डिस्कच्या ट्रेवर पांढरी पट्टी चिकटवलेली आहे आणि तिच्यावर त्या डिस्कच्या सिरियल नंबरची शेवटची चार अक्षरं मावशीच्या वळणदार अक्षरात लिहिलेली आहेत. ही पट्टी शोभेची नव्हे. एखादी डिस्क आजारी पडली आणि घाईत तिच्याऐवजी शेजारची धडधाकट ओढून काढली, तर एका आजाऱ्यापायी दोघांना मुकावं लागतं.

खानदानाच्या बाबतीत आबा फार चोखंदळ. मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, कुठल्याशा ऑफिसातून निवृत्त झालेल्या सर्व्हरमधली. रॅम ईसीसी, म्हणजे एखादा बिट आपोआप उलटला तर तो जागेवरच सुलटा करणारी. हे सगळं सेकंडहँड चाललं. डिस्क मात्र नव्या कोऱ्या, आणि त्याही मुद्दाम तीन दुकानांतून, तीन वेगवेगळ्या महिन्यांत घेतलेल्या. एकाच कारखान्यातून एकाच आठवड्यात निघालेल्या डिस्कांत एकच दोष असू शकतो आणि मग त्या पाठोपाठ माना टाकतात. सख्ख्या भावंडांना एका घरात ठेवायचं नाही, असा आबांचा दंडक आहे.

एका जातीच्या डिस्कशी तर त्यांचं हाडवैर आहे. स्वस्तात जास्त जागा देण्यासाठी काही डिस्कांत माहितीचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवून लिहिलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर पुढची सगळी उचलून पुन्हा बसवावी लागतात. अशी डिस्क एकटीदुकटी, नुसतं साठवायला, ठीक आहे. आबांच्या गोतावळ्यात ती आली आणि एखाद्या मेलेल्या डिस्कची जागा घेण्याचं काम तिच्यावर पडलं की दिवसाचं काम आठवडाभर चालतं आणि कधीकधी ती मध्येच हात वर करते. म्हणून डिस्क घेताना दुकानदाराला स्पष्ट विचारा: सीएमआर की एसएमआर, म्हणजे कौलांची? उत्तर गुळमुळीत आलं तर पुढच्या दुकानात जा.

आता हिशेब. डिस्कच्या खोक्यावर ८ टीबी छापलेलं असतं. सहा डिस्क म्हणजे ४८. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, आबा १०२४ च्या, त्यामुळे पहिल्याच दिवशी त्या ४८ चे त्यांच्या वहीत पावणेचव्वेचाळीस होतात. त्यातून दोन डिस्कांएवढी जागा ते राखून ठेवतात आणि घरच्यांच्या हाती २९ टेकवतात. दादानं हा आकडा सांगितला तेव्हा वहिनींनी भुवया उंचावल्या होत्या. पण राखीव जागा कशासाठी हे कळल्यावर त्या लगेच गप्प झाल्या, कारण बँकेत त्यांचा सगळा जन्म याच तत्त्वावर गेला आहे. सहापैकी कुठल्याही दोन डिस्क एकाच वेळी मेल्या तरी उरलेल्या चारांवरून आबा गेलेलं सगळं अक्षर न् अक्षर परत लिहून काढू शकतात. बरं, त्या २९ मध्येही पाचातले चार हिस्से भरले की त्यांची कुरकुर सुरू होते. ते लिहिलेल्यावर पुन्हा गिरवत नाहीत, प्रत्येक बदल नव्या कोऱ्या जागेवर लिहितात. मोकळी जागा तुकड्यातुकड्यांत उरली की त्यांचा हात जड होतो.

घराणं सांगायचं तर स्वस्त डिस्कांची मोट बांधून त्यांच्याकडून महागड्या डिस्कचं काम करून घ्यायची कल्पना १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी मांडली. आबांचा स्वभाव ज्या झेडएफएसवर घडला, ती फाइल व्यवस्था जेफ बॉनविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये २००१ पासून लिहायला घेतली आणि २००५ मध्ये तिचा कोड सगळ्यांसाठी खुला झाला. ते सन पुढे २०१० मध्ये ओरॅकलनं विकत घेतलं. कोड आधीच चारचौघांत आलेला होता म्हणून कंपनी गेली तरी घराणं चालू राहिलं. आज जगभरचे लोक तो सांभाळतात, आणि आबा कोथरूडमध्ये फुकटात त्याची तालीम घेतात.

या घराण्याचा खास गुण म्हणजे संशय. आबांचा कुणावरही विश्वास नाही, स्वतःच्या डिस्कांवर तर नाहीच. साधी डिस्क वाचते ते खरं धरून पुढे देते. काळाच्या ओघात एखादा बिट चुपचाप उलटला तर फोटोत कपाळावर हिरवा पट्टा उमटेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. आबा प्रत्येक तुकडा लिहिताना त्याची एक बेरीज काढतात आणि ती बेरीज त्या तुकड्याशेजारी न ठेवता दुसरीकडे, त्याच्यावरच्या पायरीवर ठेवतात. साक्षीदार आरोपीच्या घरात राहत नाही. वाचताना बेरीज पुन्हा काढायची, जुळली तर पुढे द्यायचं, नाही जुळली तर राखीव जागेवरून खरं काय ते शोधून आधी दुरुस्त करायचं आणि मगच उत्तर द्यायचं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी पहाटे दोन वाजता ते सगळं भांडार तपासायला काढतात. कुणी मागितलेलं असो वा नसो, एकूण एक तुकडा वाचायचा आणि बेरीज ताडून बघायची. काकांच्या एखाद्या खासगी बैठकीच्या कॅसेटला गेल्या वर्षभरात कुणी हात लावला नसेल, पण आबांनी ती बारा वेळा पारखली आहे. दुपारी जेवणं होईपर्यंत हे चालतं. तेवढ्या वेळात मोठं काही मागितलंत तर मिळेल, पण थोडं थांबावं लागेल.

या संशयाचा दादाला एकदा चांगलाच अनुभव आला. चार नंबरच्या डिस्कवर बेरजा चुकायला लागल्या. पहिल्या दिवशी तीन, मग सतरा, मग एकेचाळीस. डिस्क गेली असं धरून दादानं नवी मागवायची तयारी केली. तेवढ्यात पुतण्यानं त्या डिस्कचा स्वतःचा आरोग्य-अहवाल उघडला. निकामी झालेल्या जागा शून्य, दुरुस्तीच्या प्रतीक्षेत शून्य, आणि फक्त एकच आकडा चढलेला: तारेतून येता-जाता बिघडलेल्या माहितीचा. आबांचं म्हणणं खरं होतं, डिस्कही निर्दोष होती. मधली दीडशे रुपयांची साटा केबल सैल झालेली होती. केबल बदलली, आकडा तिथेच थांबला. डिस्क फेकण्याआधी केबल बदलून बघा, हे त्या दिवसापासून आबांच्या दाराशी आलेल्या प्रत्येकाला दादा सांगतो.

आवाज त्यांना सोसत नाही. डिस्कमधली तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते आणि वाचणारं टोक तिच्यावरून काही नॅनोमीटरच्या अंतरानं तरंगत असतं. ब्रेंडन ग्रेग या सनमधल्या अभियंत्यानं २००८ साली डिस्कांच्या रांगेला तोंड लावून खच्चून ओरडून दाखवलं होतं, आणि त्या क्षणी डिस्कांना उत्तर द्यायला लागणारा वेळ वाढल्याचं आलेखावर लख्ख उमटलं. वरच्या मजल्यावर फरशी फोडण्याचं काम निघालं तेव्हा आबांच्या आलेखावरही असेच सुळके आले. दादानं खाली जाड रबराचे पाय बसवून दिले. तेव्हापासून या घरात आबांजवळ उभं राहून फोनवर भांडायचं नाही असा नियम आहे आणि मुलंसुद्धा तो पाळतात.

विजेच्या बाबतीत मात्र त्यांचं आणि वहिनींचं जुनं भांडण आहे. आबा पासष्ट वॅट खातात, चोवीस तास. महिन्याचे सत्तेचाळीस युनिट. आकडा मोठा नाही, पण महावितरणच्या दरांना शंभर आणि तीनशेच्या पायऱ्या आहेत आणि उन्हाळ्यात एसी चालू झाला की आबांचे सत्तेचाळीस नेमके तीनशेच्या वर जाऊन बसतात. रात्री डिस्क झोपवायचा प्रयोग करून झाला. पण आबांना धड झोप लागते कुठे? रात्री दोघांचे फोन फोटो उतरवतात, टीव्ही यादी तपासतो, राउटर हाक मारतो. दर तासाला उठायचं, पुन्हा निजायचं, याची झीज सलग फिरण्यापेक्षा वाईट. प्रयोग बंद झाला आणि वहिनींनी त्याऐवजी गीझरची वेळ बांधून टाकली.

पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जाते ती बहुधा गुरुवारी. आबांना गुरुवार पाठ आहे. यूपीएसची एक बारीक तार त्यांच्या पाठीत खोचलेली आहे आणि बॅटरीत किती जीव उरला हे ती त्यांना सतत सांगते. तीसवर काटा आला की आबा चालू कामं आवरतात, हातातलं लिहून पुरं करतात आणि स्वतः दार लावून घेतात. वीज आली की आपणहून उठतात. या प्रकरणात घरातल्या कुणी काही करायचं नसतं, आणि मला त्यांचा हा गुण फार आवडतो.

दसऱ्याला यंत्रांची पूजा होते तेव्हा मावशी आबांना वगळत नाही. एका वर्षी गंध, झेंडूचं फूल आणि अक्षता असं यथासांग झालं. रात्री पॅसेजमधून टिक्-टिक्-टिक् असा आवाज सुरू झाला. डिस्क मरताना असाच आवाज करते, हे ठाऊक असलेल्या दादाचा चेहरा पांढरा पडला. आबांना बंद करून उघडलं तर सहाही डिस्क ठणठणीत. पुढच्या पंख्याच्या पात्याला कुंकवानं लाल झालेले दोन तांदूळ चिकटलेले आणि प्रत्येक फेऱ्याला ते जाळीवर आपटत होते. आता आबांच्या डाव्या बाजूच्या पत्र्यावर फक्त हळदकुंकू लागतं. मावशी म्हणते, त्यांना अक्षता पचत नाहीत.

पाहुणचारात ते तत्पर आहेत, पण समोरच्याला जे पचतं तेच द्यावं लागतं. दिवाणखान्यातला नवा टीव्ही मिळेल ते जसंच्या तसं घेतो आणि आबांना काडीचा त्रास होत नाही. मावशीच्या खोलीतल्या जुन्या टीव्हीला एच.२६५ ही चित्रणाची नवी बोली समजत नाही. मग आबा तिच्यासाठी चित्रपट चालता चालता जुन्या बोलीत बदलून देतात आणि तेवढा वेळ त्यांना सणकून ताप चढतो, पंखे जोरात लागतात. मावशीनं दुपारी 'पिंजरा' लावला की पॅसेजमध्ये गेल्यागेल्या कळतं.

मराठीशी मात्र त्यांचं अजून पुरतं जमलेलं नाही. चित्रपटाच्या फाइलला नुसतं 'पिंजरा' नाव दिलं की ते बाहेरच्या यादीतून दुसऱ्याच कुठल्या पिंजऱ्याचं पोस्टर आणून लावतात. 'पिंजरा (१९७२)' असं साल घालून लिहिलं की शांताराम बापूंचा येतो. शास्त्रीय संगीतात तर त्यांचा फारच घोळ होतो. पं. भीमसेन जोशी, भीमसेन जोशी आणि इंग्रजी लिपीतले भीमसेन जोशी हे आबांच्या लेखी तीन गायक होते आणि तिघांचे वेगळे कप्पे. राग कुठे लिहायचा, ताल कुठे, साथीला कोण, बैठक कुठल्या गावची, यासाठी गाण्याच्या फाइलींमध्ये सोयीची जागाच नाही, कारण ही सगळी मांडणी अल्बम आणि गाणं एवढंच ओळखणाऱ्यांनी केलेली. वहिनींनी निवृत्तीनंतर हे काम अंगावर घेतलं आहे. काकांनी कॅसेटच्या खोक्यांवर शाईनं लिहिलेल्या नोंदी त्या एकेक करून उतरवतात. राग, वेळ, यजमानाचं नाव, आणि कुठे कुठे काकांचा शेरा: 'तार षड्ज जरा कमी लागला.' हेही त्या लिहितात, आणि माझ्या मते सगळ्या भांडारात मोलाचं हेच आहे. नुसता आवाज पुष्कळांकडे असतो. त्या रात्री कोण कुठे बसलं होतं हे सांगणारं कुणी नसतं.

आबांचा एक दोष मात्र पोटात घालण्यासारखा नाही. ते फार आज्ञाधारक आहेत. पुतण्यानं गेमच्या चित्रणासाठी जागा करताना स्वतःच्याच मुंजीचं फोल्डर डिलीट केलं आणि आबांनी एका शब्दानं विचारलं नाही. दर तासाला ते भांडाराची एक झलक काढून ठेवतात म्हणून तासाभरापूर्वीच्या झलकेतून मुंज आठ-दहा सेकंदांत परत आली. पण झलकसुद्धा त्याच पोटात आहे. डोक्यावर पाण्याची टाकी फुटली, घरफोडी झाली, वीज कोसळली, तर दोन राखीव डिस्क काय कामाच्या? अनेक डिस्क असणं म्हणजे दुसरी प्रत असणं नव्हे. आबांच्या जिवावर निर्धास्त झालेल्या माणसांना हे दहादा सांगावं लागतं. पीटर क्रोग या छायाचित्रकाराचा नियम सोपा आहे: प्रती तीन, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर.

म्हणून आबांचा एक धाकटा भाऊ नाशिकला दादाच्या बहिणीकडे राहतो. दोनच डिस्कांचा, गरीब स्वभावाचा. चित्रपट पुन्हा मिळतील म्हणून ते त्याच्याकडे नाहीत, पण काकांच्या कॅसेट, फोटो आणि घरची चित्रणं एवढं सगळं आहे. वीस एमबीपीएसच्या अपलोडनं एक टीबी पाठवायला साडेचार दिवस लागतात, म्हणून पहिली प्रत दादा एसटीत मांडीवर घेऊन गेला. आता रोज रात्री फक्त नवं तेवढं जातं, आणि महिन्यातून एकदा नाशिकहून एखादी फाइल परत मागवून ती खरोखर उघडते का हे पाहिलं जातं. परत मागवून न पाहिलेली प्रत प्रत म्हणून धरायची नाही, याबद्दल दादा कुणाचं ऐकत नाही, आणि त्याचंच बरोबर आहे.

एका घरासाठी इतका खटाटोप कशाला, असं विचारणारे भेटतात. त्यांना मी लॉ कॉलेज रस्त्याकडे बोट दाखवतो. जानेवारी २००३ मध्ये तिथे, फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि आपल्या जुन्या चित्रपटांची रिळं जळून गेली. 'आलम आरा' १९३१ चा, देशातला पहिला बोलपट. त्याची एकही प्रत आज कुठे असल्याचं माहीत नाही. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चे तुकडेच उरले. सरकारी संस्था आणि मोठमोठ्या स्टुडिओंच्या हातून हे निसटलं. मग काकांनी एखाद्या वाड्याच्या माडीवर, सतरंजीवर बसून टिपलेली बैठक कोण सांभाळणार? ती जगात एकाच कॅसेटवर होती. ऑनलाइन सेवांवर महिन्याचे पैसे भरून आपण ऐकतो-बघतो ते भाड्याचं असतं आणि करार संपला की निघून जातं. काकांची बैठक तर तिथे कधी नव्हतीच.

तुमच्याही माळ्यावर बुटाच्या खोक्यात कॅसेट असतील, हँडीकॅमच्या टेप असतील, लग्नाची व्हीएचएस असेल. पावसाळ्याच्या दमटपणानं टेपवर पांढरी बुरशी धरते आणि ती धरली की प्लेअरचं हेडही खराब होतं. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची कंपनी २०१६ मध्ये थांबली. आता जे आहेत ते जुनेच, आणि ते दुरुस्त करणारे हातही कमी होत चालले आहेत. नव्वद मिनिटांची कॅसेट चांगल्या प्रतीत उतरवायला नव्वद मिनिटं आणि सुमारे तीन जीबी लागतात, त्याहून कमी वेळात ती उतरत नाही. तेव्हा आबांसारखं कुणी घरात आणायचं की नाही, किती डिस्क, कुठली कंपनी, हे सगळं सावकाश ठरवा. डिस्क पुढच्या वर्षीही मिळेल. कॅसेट आधी उतरवून घ्या.